लोहारासाठी दोन कायदे

मेजर ओबेड टॅकेट राजधानीहून घरी यायला निघाला तेव्हा त्याच्या कोटाच्या आत, शर्टाला लागून, मेणकापडात गुंडाळलेला एक कागद होता. कागदावर लाल लाखेचा शिक्का होता. सहा दिवसांचा रस्ता, जानेवारीचा चिखल, दोन ओढे दुथडी भरलेले; तरी मेजर वाटभर शीळ घालत होता. रोज मुक्कामाला शेकोटीपाशी बसून तो कागद काढून बघायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. शिक्का त्यानं फोडला नाही. राजकारणी माणसाला चांगली बातमी एकट्यानं खाल्लेली पचत नाही. शिक्का फोडायचा तो टायटसच्या ऐरणीवर, चारचौघांसमोर, असं त्यानं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

हा काही लढाया मारून झालेला मेजर नव्हता. जिल्ह्यातल्या हंगामी फौजेनं आपला अधिकारी निवडला तेव्हा त्यानं व्हिस्कीची दोन पिंपं आणली होती आणि दुसऱ्या उमेदवारानं एक, एवढंच त्याचं शौर्य. तीच पिंपं पुढं त्याला विधानसभेत घेऊन गेली. त्या मुलखात मत कागदावर टाकत नसत. टेबलासमोर उभं राहायचं, सगळ्या गावासमोर उमेदवाराचं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि उमेदवारानं तिथल्या तिथं उठून हात मिळवायचा. ओबेडला हे छान जमायचं. प्रत्येकाच्या घोड्याचं नाव त्याला पाठ होतं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. राज्य होऊन सात वर्षं झाली होती, नदीपलीकडे अजून चॉक्टॉ या मूळच्या इंडियन लोकांचा मुलूख होता, आणि मडलिकसारख्या वस्तीतून राजधानीला जाऊन भांडणारा माणूस म्हणून लोकांना त्याचं कौतुक होतं.

टायटस हा मडलिकचा लोहार. चाळीस मैलांत दुसरा नाही. नांगराचा फाळ, दाराची बिजागरी, बंदुकीचा घोडा, सगळं त्याच्याच हातचं. तो म्हाताऱ्या आर्चिबाल्ड क्रॅबट्रीचा गुलाम, पण म्हाताऱ्यानं त्याला मोकळ्या वेळात स्वतःसाठी काम करू दिलं होतं, आणि अकरा वर्षं रात्रंदिवस भाता फुंकून टायटसनं स्वतःची किंमत म्हाताऱ्याच्या हातात ठेवली होती. म्हाताऱ्यानं ती घेतली आणि म्हणाला, जा बाबा, सुटलास. पण असं नुसतं म्हणून भागत नव्हतं. कायदा असा की मालकानं सोडला तरी गुलाम सुटत नाही. त्याच्या एकट्याच्या नावानं विधानसभेत कायदा व्हावा लागतो. मडलिकच्या एकसष्ट माणसांनी अर्जावर सह्या केल्या, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फुल्या मारल्या, आणि ओबेड तो अर्ज घेऊन दोन अधिवेशनं हात हलवत परत आला. तिसऱ्या वेळी काम झालं.

म्हणून तो घरीसुद्धा न जाता थेट लोहारशाळेसमोर घोड्यावरून उतरला. शनिवार होता, दहा-बारा माणसं आपापली अवजारं घेऊन थांबली होती. क्रॅबट्री म्हातारा भट्टीशेजारी ओंडक्यावर बसला होता, दुखरा पाय पुढं करून. ओबेडनं टोपी काढली, कागद काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"टायटस, हातोडा ठेव," तो म्हणाला. "आज तुला काम करायचं नाहीये."

"फाळ लाल झालाय, मेजर. एवढा ठोकतो."

"मरू दे तो फाळ. तिसऱ्यांदा गेलो होतो मी. या वेळी कायदा घेऊन आलोय."

टायटसनं हातोडा ठेवला. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण त्यानं दोन्ही हात कातडी एप्रनला पुसले, पुन्हा पुसले, जणू कागद त्यालाच हातात घ्यायचा होता. ओबेडनं ऐरणीच्या कडेवर शिक्का फोडला, घसा साफ केला आणि निवडणुकीच्या भाषणाचा त्याचा जो खास आवाज होता त्या आवाजात वाचायला लागला.

"'या राज्याच्या विधिमंडळाकडून असा कायदा करण्यात येतो की, आर्चिबाल्ड क्रॅबट्री यांचा टायटस नावाचा गुलाम, धंद्यानं लोहार, हा आजपासून सर्व प्रकारच्या गुलामीतून कायमचा मुक्त समजला जावा…'"

माणसांनी टोप्या उडवल्या. कुणीतरी टायटसच्या पाठीवर थाप मारली. ओबेडला आता वेग आला होता, हात वर गेला होता, आणि तो त्याच चढ्या सुरात पुढं वाचत गेला. "'परंतु सदर टायटस यानं आजपासून बारा महिन्यांच्या आत या राज्याची हद्द सोडून जावं आणि पुन्हा कधीही परत येऊ नये, तसं न केल्यास शेरीफनं त्यास धरून जाहीर लिलावात विकावं.'"

वाचून झालं तरी त्याचा हात वरच होता. आपल्याच तोंडून काय गेलं हे त्याला समोरच्यांची तोंडं बघून कळलं. भट्टीत फाळ काळा पडत चालला होता.

"मेजर," टायटस म्हणाला, "ते शेवटचं परत वाचा."

ओबेडनं परत वाचलं, या वेळी अगदी खालच्या आवाजात. मग क्रॅबट्री म्हातारा ओंडक्यावरून म्हणाला, "सोडायचं म्हणजे हाकलायचं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं."

टायटसची बायको डेलफी आणि दोन मुली मैलभरावरच्या विधवा लाइल्सबाईंच्या मालकीच्या. डेलफी बाईंची स्वयंपाकीण. टायटस रोज संध्याकाळी तिकडं चालत जायचा आणि पहाटे परत यायचा. हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून कुणी काही बोलायची गरजच नव्हती. माणसं एकेक करून आपली अवजारं तशीच ठेवून निघून गेली.

घरी ओबेडच्या बायकोनं, तबिथानं, कागद दिव्याजवळ नेऊन वाचला. त्यानं राजधानीहून तिच्यासाठी आणलेलं निळं कापड तिनं अजून उलगडलं नव्हतं.

"तुम्ही तिथं होतात ना?" तिनं विचारलं.

"होतो."

"मग कान कुठं होते?"

कान कोर्टाकडे होते. जिल्ह्याचं कोर्ट कुठं बांधायचं हा त्या वर्षीचा मोठा तंटा होता. मडलिकला, की नदीकाठच्या स्टॉकरच्या धक्क्याला. जिथं कोर्ट तिथं वकील, खाणावळ, दुकानं, जमिनीला भाव. ओबेड त्या दिवशी सभागृहाच्या मागच्या शेकोटीपाशी दोन सभासदांना मडलिकच्या बाजूनं वळवत उभा होता. पुढं कारकून भराभर खाजगी विधेयकं वाचत होता: कुणाचा घटस्फोट, कुणाला नाव बदलायचंय, कुणाला होडी चालवायची परवानगी हवी. त्यांचा तिथं एक रिवाजच होता. ज्याच्या जिल्ह्याचं विधेयक त्याच्या शब्दाला दुसऱ्यानं आडवं जायचं नाही, आणि दुसऱ्यानं एखादं कलम जोडायला सुचवलं तर विधेयकवाल्यानं मान डोलवायची. आज तुझं, उद्या माझं. सभापतींनी विचारलं, "मडलिकच्या सभासदांना श्री. ड्रेपर यांची दुरुस्ती मान्य आहे?" ओबेडनं वळूनही न बघता हात वर केला आणि म्हणाला, "मान्य." त्याला वाटलं, सुटलेला गुलाम गावावर भार होऊ नये म्हणून घालतात ते नेहमीचंच जामिनाचं कलम असेल.

त्यानं बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जेवून घ्या," आणि आत गेली.

वर्ष कसं गेलं ते टायटसलाच ठाऊक. ओबेड लाइल्सबाईंकडे दोनदा गेला, डेलफीला आणि मुलींना टायटसला विका म्हणून. बाईंनी त्याला चांगली कॉफी दिली आणि म्हणाल्या, "मी माझी स्वयंपाकीण विकून स्वतः चूल फुंकू का, मेजर? तुम्ही याल का भाकरी भाजायला?" भावाचा प्रश्नच आला नाही. त्यातून बाईंचा जावई येऊन बसला होता. त्याला पश्चिमेकडं नवीन जमिनीवर जायचं होतं आणि सासूच्या दोन माणसांवर त्याचा डोळा होता, म्हणून बाई आपल्या माणसांच्या बाबतीत अधिकच घट्ट झाल्या होत्या.

ऑक्टोबरात ओबेड मक्याच्या कणसांची गाडी भरत असताना टायटस शेतात आला. त्याच्या हातात दोन कागद होते, शाळामास्तरांकडून लिहून घेतलेले.

"हा पहिला," तो म्हणाला. "मला इथं राहू द्यावं, ते कलम काढून टाकावं, असा अर्ज. याच्यावर गावाच्या सह्या मी गोळा करतोय."

"झालंच समज. आणि दुसरा?"

"दुसरा मला परत गुलाम करावं म्हणून. लाइल्सबाईंचा."

ओबेडच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. "डोकं फिरलंय का तुझं? ओहायो नदी ओलांड, पलीकडं गुलामी नाही. तिकडं लोहाराला सोन्याचे दिवस आहेत. मोकळा माणूस आहेस तू."

"आहे ना. रोज सकाळी उठून मोकळा असेन. आणि करू काय त्या मोकळेपणाचं, मेजर? पोरीला हाक मारायची तर महिन्याभराचा रस्ता." टायटसनं कागदाच्या घड्या नीट केल्या. "भीक नको, कुत्रा आवर, असं झालंय माझं. तुम्ही पहिला कागद जितका लढवता येईल तितका लढवा. अगदीच काही जमलं नाही, तर दुसरा. दगडापेक्षा वीट मऊ."

"डेलफीला सांगितलंस?"

"पहिल्याचं सांगितलंय. दुसऱ्याचं नाही. तिला कळलं तर ती मला झाडू घेऊन नदीपर्यंत हाकलत नेईल." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "बाईंनापण सांगितलंय, तिच्यापाशी बोलू नका. फुकटात लोहार मिळत असेल तर त्या कशाला बोलतायत."

पहिल्या कागदावर चौऱ्याण्णव सह्या झाल्या. दुसऱ्यावर दोनच: बाईंची सही आणि टायटसची फुली. गुलाम व्हायला शेजाऱ्यांची शिफारस लागत नाही. ओबेडनं दोन्ही कागद खोगिराच्या पिशवीत घातले, टायटसचा हात हातात घेतला, आणि आपण पहिलाच घेऊन परत येऊ असा शब्द दिला. त्या घटकेला तो शब्द खरा होता.

राजधानीत त्या साली थंडी कडक होती. सभासद खाणावळीत एका खोलीत चौघे-चौघे झोपत, सकाळ-संध्याकाळ डुकराचं खारवलेलं मांस आणि मक्याची भाकरी खात, आणि दिवसभर शेकोटीच्या कठड्यावर पाय टाकून तंबाखूच्या पिचकाऱ्या मारत राज्य चालवत. ओबेडनं यंदा काही ऐकायचं सोडलं नाही. प्रत्येक विधेयक, प्रत्येक दुरुस्ती कान देऊन ऐकली. टायटसच्या अर्जासाठी तो एकेकाला गाठून बोलला, चौऱ्याण्णव सह्या उलगडून दाखवल्या. पण जो तो शेवटी एकच म्हणायचा: ड्रेपर काय म्हणतात?

नोलन ड्रेपर शेजारच्या जिल्ह्याचा, कापसाच्या मोठ्या शेतीचा मालक, बोलायला अत्यंत गोड. नऊ सभासद त्याच्या शब्दावर उठत-बसत. स्टॉकरच्या धक्क्याला त्यानं बरीच जमीन घेऊन ठेवली होती. एका सकाळी न्याहारीनंतर त्यानंच ओबेडला खिडकीपाशी बोलावलं.

"टॅकेट, तुमचा लोहार मला आवडतो हो. माझ्या घोडीला नाल त्यानंच मारली होती, वर्षभर हलली नाही. माझं त्या माणसाशी काही वाकडं नाही. पण एकाला राहू दिलं की दहा येतील."

"दहा नाही येणार. माझ्याकडे एकच आहे."

"तेही खरं." ड्रेपरनं बाहेरच्या चिखलाकडे बघितलं. "तुमचं कोर्टाचं विधेयक गुरुवारी येतंय. तुमच्याकडं दोन मतं जास्त आहेत, मोजलीत मी. तुम्ही जर म्हणालात, की मडलिकपेक्षा स्टॉकरचा धक्काच जिल्ह्याला सोयीचा, तर बुधवारी तुमच्या लोहाराच्या वेळी मला सर्दी होईल. माझे नऊ जणही तंबाखू ओढायला बाहेर जातील."

"मडलिकचे लोक मला जिवंत ठेवणार नाहीत."

"जिवंत ठेवतील. मत देणार नाहीत," ड्रेपर म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत सांगा."

ओबेड दिवसभर खाणावळीच्या अंगणात फेऱ्या मारत राहिला. सौदा उघड होता, आणि नाही म्हटलं तर कसला दोष त्याच्यावर येणार नव्हता. तो विचार करत होता: कोर्ट आलं तर तीनशे घरांचं भलं, आणि टायटसचं घर एक. म्हातारी माणसं साक्षीसाठी दोन दिवस घोड्यावरून जातात, ती वाचतील. लोकांनी मला कोर्टासाठी निवडलंय, लोहारासाठी नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मडलिकच्या चौकाला लागून त्याची स्वतःची चाळीस एकर होती, तिचा मात्र त्यानं त्या दिवसभरात एकदाही विचार केला नाही. निदान केल्याचं स्वतःला कळू दिलं नाही. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा फार हुशारीनं फसवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ड्रेपरला नकार सांगितला आणि ड्रेपरनं राग न मानता त्याला कॉफी ओतून दिली.

बुधवारी टायटसचा पहिला अर्ज पंचवीस विरुद्ध वीस मतांनी पडला. ओबेड त्यावर अर्धा तास बोलला, आणि खरंच मनापासून बोलला. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनीही विरोधात मत दिलं. गुरुवारी कोर्ट मडलिकला मिळालं, दोन मतांनी. शुक्रवारी, अधिवेशन संपायच्या आदल्या दिवशी, ओबेडनं दुसरा कागद दिला.

कारकुनानं तो एका दमात वाचला. सभापतींनी विचारलं, कुणाची हरकत? सभागृहात बूट आपटल्याचा, लाकूड तडकल्याचा आवाज होता. कुणी मान वर केली नाही. ओबेडच्या शेजारचा सभासद सफरचंद सोलत होता, त्यानं सोलणं थांबवलं नाही. "मंजूर," सभापती म्हणाले, आणि कारकून पुढच्या, एका पुलाच्या विधेयकावर गेला. पहिल्या कायद्याला तीन वर्षं लागली होती. ओबेड उठून बाहेर गेला.

या वेळी शिक्का मारायच्या आधी त्यानं कागद मागून घेतला आणि तीनदा वाचला. सगळ्या मिळून चार ओळी होत्या. टायटस, धंद्यानं लोहार, हा स्वखुशीनं श्रीमती प्रुडन्स लाइल्स यांचा आणि त्यांच्या वारसांचा आजन्म गुलाम होत आहे. कुणी काही घुसडलेलं नव्हतं. त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, आणि त्यानं शिक्का मारायला सांगितलं.

मडलिकला कोर्टाची बातमी त्याच्या आधीच पोचली होती. वेशीपासूनच बंदुकांचे बार काढले, त्याला घोड्यावरून खांद्यावर घेतलं, पिंप फोडलं. ज्याला त्याला त्याचा हात हातात घ्यायचा होता. कुणीतरी नाव सुचवलं, पुढच्या खेपेला ओबेडला वरच्या सभागृहात पाठवायचं. टायटसचं काय झालं हे फक्त क्रॅबट्री म्हाताऱ्यानं विचारलं, आणि ओबेडनं सांगितल्यावर म्हातारा म्हणाला, "राहिला ना गावात? झालं तर मग," आणि पेला पुढं केला. तिथून सुटायला ओबेडला तास लागला.

लोहारशाळेत टायटस एकटाच होता. घोड्याचा पाय मांडीत धरून खाली वाकला होता. त्यानं वर न बघता विचारलं, "दुसराच ना, मेजर?"

"दुसरा." ओबेडनं कागद ऐरणीवर ठेवला. "जीव तोडून बोललो मी. अर्धा तास बोललो. पंचवीस-वीस."

"ऐकलं मी. फार छान बोललात म्हणे." टायटसनं खूर तासला, बघितलं, पुन्हा तासला. "जमीन मोजणारा एक जण परवा इथून गेला, ड्रेपरसाहेबांचा माणूस. त्याच्या घोड्याची नाल निघाली होती. म्हणत होता, कोर्ट धक्क्याला गेलं असतं तर पहिला कागद झाला असता."

ओबेडची कानशिलं तापली. "कुणाजवळ बोलत होता तो?"

"त्याच्या सोबत्याजवळ. घोडं उभं असतं तोवर माणसं बोलतात, मेजर. लोहार खाली वाकलेला, म्हणून त्यांना वाटतं त्याला कान नाहीत."

"तीनशे घरांचा प्रश्न होता, टायटस. मी एकट्यासाठी…"

"असेल." टायटसनं घोड्याचा पाय खाली सोडला आणि पाठ सरळ केली. ओबेडला वाटलं, आता हा शिव्या देईल. दिल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. पण टायटस नुसता त्याच्याकडं बघत राहिला, फार दमलेला माणूस बघतो तसा. "मी तुम्हाला काही बोलत नाही. शब्द मीच दिला होता, जमलं नाही तर दुसरा म्हणून. एक काम तेवढं करा. डेलफीला तुम्ही सांगा. मी दोन दिवस तोंडात शब्द जुळवतोय, जुळत नाहीयेत. तुम्हाला बोलता येतं."

ओबेड चालतच गेला. लाइल्सबाईंच्या घरामागं डुकरं कापायचे दिवस चालू होते. अंगणात मोठ्या काळ्या कढईत चरबी वितळत होती आणि डेलफी लांब काठीनं ती ढवळत होती. उंच बाई, बाह्या वर केलेल्या. दोन्ही मुली मांसाला धुरी देऊन टिकवायच्या खोलीत त्याला मीठ चोळत होत्या. त्यांचं आपसात काहीतरी हसणं चाललं होतं, ते बाहेर ऐकू येत होतं.

"मेजर, बार ऐकले मी," डेलफी म्हणाली. "राहतोय ना तो?"

"राहतोय."

तिनं काठी सोडली आणि मागच्या ओंडक्यावर बसली. तोंडावर पदर घ्यावा तसा एप्रन तोंडावर घेतला. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, ओबेडला कळेना. तिनं एप्रन खाली केला तेव्हा चेहरा ओला होता आणि ती हसत होती. ओबेडला वाटलं, इथूनच परत फिरावं, बाकीचं टायटस बघून घेईल. पण तिचं त्याच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं होतं.

"तुम्ही का हसत नाही?"

"डेलफी, तो पहिला कागद नाही झाला."

"मग राहतोय कसा?"

आयुष्यात पहिल्यांदा मेजर टॅकेटला सुरुवात कुठून करावी ते कळलं नाही. त्यानं सांगितलं, जसं आलं तसं. दुसरा कागद होता. टायटसनंच दिला होता. तो आता बाईंचा आहे. सांगताना तो तिच्याकडं न बघता कढईकडं बघत होता. डेलफी हलली नाही. चरबीला करपट वास यायला लागला, तेव्हा ती उठली, कढईखालचे निखारे काठीनं ओढून बाजूला केले आणि परत बसली.

"अकरा वर्षं," ती म्हणाली.

"तुमच्याजवळ राहील तो. रोज. आता कुणी त्याला हद्दपार करू शकत नाही." ओबेडला हे राजधानीपासून पाठ होतं आणि म्हणताना त्याचा आवाज थोडा सावरला.

"बाईंचा जावई मार्चात निघालाय पश्चिमेला," डेलफी म्हणाली. "दोन माणसं मागतोय. मला नाही देणार त्या, स्वयंपाक कोण करील? पण लोहार मागितला तर?" ती त्याच्याकडं बघत होती. "कागदात असं लिहिलंय का, की त्याला आणि आम्हाला वेगळं करायचं नाही?"

ओबेडला त्या चार ओळी अक्षरन् अक्षर पाठ होत्या. "नाही."

"लिहून मागितलं असतं, तर त्या लोकांनी नाही म्हटलं असतं का?"

त्याच्या डोळ्यांसमोर ते सभागृह आलं, सफरचंद सोलणारा तो हात, आणि कुणीही वर न केलेल्या माना. त्या दिवशी त्यानं आणखी दहा ओळी लिहिल्या असत्या तरी कारकुनानं त्या तशाच वाचून टाकल्या असत्या.

"नाही," तो म्हणाला. "कुणी काही म्हटलं नसतं."

"मग का नाही लिहिलंत?"

"सुचलं नाही मला."

"त्यालाही नाही सुचलं. तो तर आमच्या ओढीनं आंधळा झालेला." डेलफी उठली, काठी घेतली आणि कढईच्या तळाशी लागलेलं खरवडायला लागली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही दोघं वर्षभर कागद करत होतात, मेजर. मी इथं मैलभरावर होते. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."